लेखणीची उजरत

आमच्या समाजातल्या कोणत्याही लग्नाचा हिशेब काढून पाहावा. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम गेलेली असते. बावर्ची देगीमागे दर सांगतो, मटणाचा भाव चढला तर पुन्हा बोलणी होतात, पण चूल पेटण्यापूर्वी निम्मे पैसे त्याच्या हातात पडलेले असतात. निकाहखानीची फी ठरलेली असते. रोषणाईवाला, घोडीवाला, व्हिडिओवाला, प्रत्येकाचा आकडा घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतो. एकाच माणसाचा आकडा कुणालाच ठाऊक नसतो. ज्याने दावतनाम्याचा मजकूर उर्दूत आणि मराठीत बसवून दिला, नावांचे नुक्ते तपासले, 'मुतमन्नी-ए-शिरकत'खाली कुणाचे नाव आधी आणि कुणाचे नंतर यावरून दोन घरांत पेटलेले भांडण तिसऱ्या मसुद्यात विझवले, वर नवरदेवासाठी सेहराही लिहून दिला, त्याला काय मिळाले? बिर्याणीचे ताट आणि दुआ. कबर खोदणाऱ्यालाही त्याच दिवशी मजुरी मिळते. ती देताना कुणी त्याला 'कौम का काम है' असे ऐकवत नाही.

हे लिहिणारे आम्ही कोण, तेही सांगून टाकतो. आम्ही मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे लोक. बी.एड. झालेले, तिशी ओलांडलेले. घरात दखनी, वर्गात उर्दू आणि कचेरीत मराठी, असा आमचा दिवस जातो. त्यामुळे दोन लिप्यांच्या मधे अडकलेले गावातले प्रत्येक काम असरच्या नमाजनंतर आमच्या दारात येते. शासनाचे परिपत्रक उर्दूत करून द्या. मस्जिदीच्या कमिटीचा ठराव मराठीत करून द्या, वक्फ मंडळाकडे पाठवायचा आहे. जलशाचे पोस्टर, स्नेहसंमेलनाचा तराना, आमदारसाहेबांच्या सत्काराचा सिपासनामा, कुणाच्या वडिलांच्या इंतकालनंतरचा ताजियती मजकूर, मुशायऱ्याची निजामत. आणि प्रत्येक कामाबरोबर ते एक वाक्य : "सर, दो मिनट का काम है." दोन मिनिटांचे असेल तर स्वतः करावे की! पण असे बोलणे बेअदबी ठरते. लिहाज नावाची एक चीज आमच्या तालीममध्ये मुरलेली आहे, आणि गावातल्या कमिट्यांना तिचा उपयोग नेमका ठाऊक आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. लिहिण्याचे, अनुवादाचे, अक्षरजुळणीचे, मांडणीचे काम ही मजुरी आहे. तिचा दर कामाआधी बोलला गेला पाहिजे, कागदावर आला पाहिजे आणि काम हातात पडताना चुकता झाला पाहिजे. यात नवे काही नाही. तरीही हे म्हटले की लोक आमच्याकडे अशा नजरेने पाहतात, जणू आम्ही मस्जिदीत दुकान मांडले.

खोट शब्दांपासून सुरू होते. मराठीत या व्यवहाराला 'मानधन' म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. त्यात मान आधी येतो आणि धन मागाहून. आणि बहुतेक वेळा मान शाल-हाराच्या रूपाने येऊन निघूनही जातो, धनाचा पत्ता नसतो. उर्दूत नजराना म्हणतात, हदिया म्हणतात. या सगळ्या शब्दांत देणाऱ्याचा हात वर आहे आणि घेणाऱ्याचा खाली. दिले तर मेहेरबानी, नाही दिले तर तक्रार कसली? शाहिराची बिदागीही निरोप देताना हातावर ठेवायची रक्कम, पण निदान ती त्याच रात्री हातावर पडायची. 'उजरत' आणि 'मजुरी' या शब्दांचे तसे नाही. उजरत थकली की ती देणे होते, आणि देणे बुडवणाऱ्याला जगातल्या प्रत्येक भाषेत वाईट नाव आहे. म्हणून आम्ही यापुढे मानधन हा शब्द आमच्यापुरता टाकून देत आहोत.

सरकारलाही हा शब्द फार प्रिय आहे, आणि ते योगायोगाने नाही. महाराष्ट्रात नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणतात. सेवक म्हटले की वेतन द्यावे लागत नाही, मानधन पुरते. प्राथमिकला ६ हजार, माध्यमिकला ८ हजार, उच्च माध्यमिकला ९ हजार, हे दर वर्षानुवर्षे चालले. २०२३ साली ते १६, १८ आणि २० हजार झाले. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी जुन्या दरात तीन वर्षे काढली आहेत, म्हणून हा शब्द आम्हाला आतून माहीत आहे. अंगणवाडी सेविकांनाही मानधनच मिळते. गुजरातमधल्या सेविका या शब्दाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेल्या. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते तरी हे मानधन म्हणजे वेतनच आहे असे ठरवले, आणि मग त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य झाला. एका शब्दाच्या आड केवढी रक्कम दडवता येते पाहा.

आता दिनची गोष्ट. पैसे मागितले की समोरून पहिला शब्द येतो तो 'सवाब'. आम्ही आलिम नाही, मुदर्रिस आहोत. पण कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणती हे आमच्या सहावीच्या पोरांनाही सांगता येते. सूरह बकराची २८२वी. ती नमाजविषयी नाही की रोजाविषयी नाही. ती उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदत ठरवा, लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, गवाह ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. आणि त्याच आयतीत पुढे हेही सांगितले आहे की कातिबाला आणि गवाहाला नुकसान पोचवू नये. कातिबाला! ज्या ग्रंथातल्या सर्वांत लांब आयतीने लिहिणाऱ्याची काळजी वाहिली, त्याचे वारस आम्हाला 'दुआ में याद रखेंगे' म्हणून बोळवतात.

सीरतच्या ग्रंथांत बद्रच्या कैद्यांची हकीकत येते. ज्यांच्याकडे फिद्या द्यायला पैसे नव्हते पण ज्यांना लिहिता येत होते, त्यांनी मदीन्यातल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटून जावे, असे ठरले. एका माणसाची सुटका आणि दहा मुलांची अक्षरओळख एकाच तराजूत तोलली गेली. अक्षराला मोल असते हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे? मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही इब्ने माजाच्या संग्रहातली हदीस आमच्या गावात जुम्म्याच्या बयानात दरवर्षी दोनदा तरी ऐकू येते. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, असे बुखारीत आहे. फिकहमध्ये इजाऱ्याचा नियमच असा की काम कोणते आणि त्याचा मोबदला किती, हे दोन्ही आधी ठरलेले असावे. मग 'सर, आधी करा तर, बाकीचे बघून घेऊ' हे वाक्य कोणत्या मसलकात बसते? सवाब देणे अल्लाहच्या हातात आहे. कमिटीच्या हातात चेकबुक आहे, तिने तेवढेच उघडावे.

एक उदाहरण सांगतो. गाव सांगत नाही, संस्थाही सांगत नाही. आमची एक माजी विद्यार्थिनी, डी.एड. झालेली, भरतीची वाट पाहत घरी इनपेजवर उर्दू जुळणी करते. हे आता बऱ्याच घरांत दिसते. मुलीला बाहेर पाठवायचे नाही, पण काम घरात आलेले चालते. एका शिक्षणसंस्थेने तिच्याकडून ९६ पानांची स्मरणिका करून घेतली. अर्धी उर्दू, अर्धी मराठी. उर्दूचा मजकूर हस्ताक्षरात, त्यातला काही मोबाइलवर काढलेल्या अंधूक फोटोंत. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे उघडला की नुसता चिखल. अध्यक्षांचे मनोगत चार वेळा बदलले. प्रत्येक बदलाने उर्दूची ओळ सरकते, ओळ सरकली की पान सरकते, पान सरकले की जाहिरातीची चौकट तुटते. पाच आठवडे ती मुलगी रात्री एक-एक वाजेपर्यंत बसली. समारंभात तिला शाल आणि एक ढाल मिळाली. आभाराच्या यादीत तिचे नाव छापले होते, तेही चुकीचे. कारण ते पान तिच्याकडे न येता थेट छापखान्यात गेले होते.

या स्मरणिकेसाठी गावभर फिरलेले आवाहनपत्र आमच्याकडे आहे. त्यात मागच्या मुखपृष्ठाच्या जाहिरातीचा दर आहे, आतल्या रंगीत पानाचा आहे, पाव पानाचाही आहे. म्हणजे पानाला भाव असतो हे संस्थेला पक्के ठाऊक होते. जाहिरात लागली की पान विकाऊ, मजकूर लागला की पान सवाबाचे! छापखानावाला उरलेले पैसे मिळाल्याशिवाय गठ्ठे बाहेर काढत नव्हता, आणि कुणीही त्याला कौमचा दुश्मन म्हटले नाही. मुलीच्या वडिलांनी हळूच विचारले तेव्हा उत्तर आले, "बच्ची का नाम हो गया ना, और क्या चाहिए?" नाव झाले. चुकीचे का होईना.

मुशायऱ्यांची तऱ्हा याहून वेगळी नाही. बाहेरच्या नामवंत शायरांचा लिफाफा, गाडीभाडे, हॉटेल आधी ठरते, आणि ते बरोबरच आहे. आमची तक्रार त्यांच्याविषयी मुळीच नाही, उलट त्यांनी आधी बोलायची रीत पाडली म्हणून त्यांचे आभार मानावेत. पण त्याच मंचावर गावातला शायर रात्री अडीच वाजता, निम्मे श्रोते उठून गेल्यावर, दोन गझला वाचतो आणि सकाळी पायी घरी जातो. त्याच्या आवाजाला ज्याच्या कर्ण्यातून वाट मिळाली त्या लाउडस्पीकरवाल्याचे पैसे मात्र फजरच्या आत चुकते होतात. कर्ण्याला दर आहे, कंठाला नाही.

पैसे मागणे शायराला शोभत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी मिर्झा गालिब आठवावेत. १८५० साली बहादुरशाह जफरने त्यांना तैमूरी घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम दिले. वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिना ५०. पण रक्कम सहा-सहा महिन्यांनी मिळायची आणि मधल्या काळात मिर्झासाहेब सावकाराच्या दारात. तेव्हा त्यांनी बादशाहाला शेरांतच अर्ज लिहिला की तनखा दरमहा द्यावी. बादशाहाची शान कमी झाली नाही आणि गालिबची शायरीही हलकी झाली नाही. मग गल्लीतल्या कमिटीच्या सेक्रेटरीसमोर बिल ठेवताना आमच्या मुलांचे हात का कापावेत?

मकबूल फिदा हुसेन पंढरपुरात जन्मलेले. मुंबईत सुरुवातीला ते सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवत. त्या कामाचे पैसे चौरस फुटावर मिळत, तेही फुटामागे काही आणे. दर हलाखीचाच होता, पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या कामाला माप होते. किती फूट रंगवले, किती आणे झाले, भांडण करायला आकडा तरी होता. जुन्या उर्दू छापखान्यांतल्या कातिबांनाही पानावर पैसे मिळत. १९८१ साली नूरी नस्तालीक आले, पुढे १९९० नंतर इनपेज आले, कातिबांच्या लेखण्या वाळल्या, आणि त्यांच्याबरोबर पानाचा दरही हरवला. संगणक काम करतो, माणूस नुसता बसून असतो, अशी समजूत लोकांनी करून घेतली. आता तर त्याच्याही पुढची पायरी आली आहे. "गुगलने करून आणलंय सर, तुम्ही फक्त नजर टाका." एकदा अशीच नजर टाकायला दिलेल्या कागदावर दहावीच्या मुलांची 'कल चाचणी' होती. यंत्राने तिचा 'कल का इम्तिहान' केला होता, म्हणजे मुलांनी उद्याच पेपरला बसायचे! असा मजकूर दुरुस्त करायला नव्याने लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक शब्दावर संशय घ्यावा लागतो. त्यामुळे यंत्राचा मजकूर आला तर दर कमी होणार नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण आमच्याकडे तक्रार सगळे करतात आणि आकडा कुणी मांडत नाही. समजा १६ पानांची पुस्तिका मराठीतून उर्दूत करायची आहे. पानाला अडीचशे शब्द धरले तर चार हजार शब्द झाले. पुन्हा हात लावावा लागणार नाही असा अनुवाद, जुन्या-जाणत्या माणसाच्या हातूनही, दिवसाला बाराशे ते दीड हजार शब्दांपलीकडे जात नाही. म्हणजे तीन दिवस. जुळणी आणि दोन प्रुफे धरून चार. या कामाचा लिफाफा आमच्या भागात किती निघतो? नशीब थोर असेल तर ५०० रुपये. दिवसाला सव्वाशे झाले. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. माती उचलणाऱ्याच्या कष्टाला आम्ही कमी लेखत नाही, त्याला ३१२ हेही थोडेच आहेत. पण दोन पदव्या घेतलेल्या माणसाच्या दिवसाची किंमत त्याच्या निम्म्याहून कमी पडते, आणि ती लावणारे लोक मंचावरून तालीमचे महत्त्व सांगत असतात.

बरे, आमच्या हातातले सगळेच काम असे कुठेही मिळणारे नाही. २०२३ च्या अखेरीस न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले दप्तर उघडले गेले, तेव्हा मराठवाड्याला अचानक आठवले की हे कागद मोडीत आहेत, उर्दूत आहेत, फारसीत आहेत, आणि ते वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पुढे २०२५ साली वक्फच्या मिळकतींची माहिती 'उमीद' पोर्टलवर चढवायची वेळ आली. मुदत सहा महिन्यांची. आमच्या तालुक्यातले मुतवल्ली पिशव्यांमधून वक्फनामे, सनदा, मुंतखब घेऊन आमच्या दारात उभे राहिले. या कागदांत काय असते ते ज्याने पाहिले नाही त्याला सांगतो. लिपी शिकस्ता, म्हणजे कारकुनाने धावत्या हाताने लिहिलेली, नुक्ते गाळलेले, शब्द एकमेकांत गुंतलेले. रकमा आकड्यांत नसतात, सियाकच्या खुणांत असतात. साल फसली. १३४० फसली म्हणजे इसवी सन १९३०-३१, हे ५९० मिळवून काढावे लागते, आणि महिना पाहून एखादे वर्ष इकडे-तिकडे होते. एका पानाला कधी तीन संध्याकाळी जातात. एक शब्द चुकीचा लागला तर कब्रस्तानची चतुःसीमा बदलते. अशा कामालाही 'सवाबे-जारिया' म्हणून फुकट हवे असते. आणि तोच कागद पुढे ज्या वकिलाकडे जातो त्याची फी पहिल्या भेटीतच मोजली जाते.

आमच्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की समाज गरीब आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानंतर हे कुणी आम्हाला नव्याने सांगायला नको. आम्ही त्याच वस्तीत राहतो. बेवा बाईच्या पेन्शनचा अर्ज, मजुराच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, याचे पैसे आमच्यातल्या कुणी घेतल्याचे आम्हाला माहीत नाही आणि घेऊही नयेत. पण गरिबाचे काम फुकट करणे वेगळे आणि गरिबाच्या नावावर धनवान कमिटीचे काम फुकट करणे वेगळे. सदका देणाऱ्याच्या नियतीने होतो. घेणाऱ्याने परस्पर आपल्या हिशेबात धरला तर त्याला दुसरे नाव आहे. म्हणून आमचा आग्रह असा की फुकट करायचे काम असले तरी बिल द्यावे, त्यावर पूर्ण रक्कम लिहावी आणि खाली 'माफ' लिहून सही करावी. काय माफ झाले हे समोरच्याला कळले तर पाहिजे!

दुसरा आक्षेप आमच्याच शिक्षक-खोलीत ऐकू येतो. "आपल्याला पगार आहे, मग कशाला मागायचे?" ज्यांना पगार आहे त्यांनीच आधी मागायला हवे, असे आमचे मत आहे. पगारदार शिक्षक फुकट करून देतो तेव्हा त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते त्या टीईटी पास होऊन पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्या मुलाचे, ज्याने तेच काम हजार रुपयांना सांगितले आणि ज्याला ऐकवले गेले, "वो सर तो मुफ्त में कर देते हैं." आमच्यातले काही बुजुर्ग या औदार्याचा अभिमान बाळगतात. त्यांचा एहतराम राखून म्हणतो, हे औदार्य दुसऱ्याच्या ताटातले आहे. पगार असलेल्याने शाळेचा नियम पाहून, परवानगी लागत असेल तर घेऊन, पूर्ण दर लावावा. आणि पैसे नकोच असतील तर ते काम सरळ त्या मुलाकडे पाठवावे.

कायदा आमच्या लोकांना वाटतो तेवढा परका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने पगारी नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर मालकाचा होतो. पण बाहेरून करून दिलेला लेख, तराना किंवा अनुवाद लिहिणाऱ्याचाच राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, मुलूख लिहिला नसेल तर फक्त भारत. चित्रांचे आणि फोटोंचे नियम निराळे आहेत, ते करणाऱ्यांनी वेगळे पाहावेत. म्हणजे संमेलनासाठी लिहून दिलेला तराना संस्थेने पुढे कॅसेट काढून किंवा आता यूट्यूबवर चढवून वापरला, तर विचारायचा हक्क लिहिणाऱ्याला आहे. २०१२ साली याच कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि गीतकार-संगीतकारांच्या बाजूने त्यांनी जोर लावला होता. त्या दुरुस्तीनंतर चित्रपटातले गीत चित्रपटगृहाबाहेर वाजते तेव्हाच्या रॉयल्टीतला आपला वाटा गीतकाराला निर्मात्याच्या नावावर लिहून देता येत नाही. लिहून दिला तरी तो टिकत नाही. सिनेमातल्या बड्या नावांनाही त्यासाठी संसदेपर्यंत जावे लागले, मग आम्ही सेक्रेटरीच्या घरापर्यंत जायला का लाजावे?

थकलेल्या बिलासाठीही वाट आहे. जुळणी, अनुवाद, मांडणी करणारा माणूस 'उद्यम' नोंदणी आधारवर फुकट करू शकतो. मग तो कायद्याने सूक्ष्म उद्योग होतो. २००६ च्या सूक्ष्म-लघू-मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे त्याचे पैसे, लेखी मुदत ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत आणि ठरली असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट व्याज. ज्यांना व्याज नको त्यांनी ते सोडून द्यावे, मुद्दल तर मागावी! तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. आम्हाला वाटते, नोंदणीचा क्रमांक बिलावर नुसता छापलेला असला तरी बरीच बिले न भांडता निघतील.

या रमजानच्या आधी आम्ही तिघांनी मिळून एक दरपत्रक केले. अनुवाद शब्दावर, जुळणी पानावर, जुने कागद वाचणे पानावर पण हस्ताक्षर पाहून. दोन प्रुफे दरात धरलेली, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. निम्मी रक्कम आगाऊ. बाकीचे पैसे मिळेपर्यंत पानांवर आडवे 'नमुना' छापलेले राहील. ज्या कामात विशीतल्या पोरांपैकी कुणी हात लावील त्यात त्याचा हिस्सा आधी काढायचा. उर्दू आणि मराठी दोन्ही लिप्यांत छापून ते शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लावले आहे. पहिल्या आठवड्यात दोन जण वाचून परत गेले. त्यातल्या एकाने मस्जिदीच्या पायऱ्यांवर आमच्या नावाने बरेच काही सुनावले, असे कळले. तिसरे एका दर्ग्याचे मुतवल्ली होते. त्यांनी चष्मा लावून दोन्ही लिप्यांतले दर वाचले, खिशातून आगाऊ रक्कम काढली आणि पावती मागितली. त्यांच्या वक्फनाम्याची चार पाने लागली आहेत. पाचव्यावर जमिनीच्या मापाचा एक शब्द अडला आहे, तो आम्ही परभणीच्या एका जाणत्या गृहस्थांकडे पाठवला आहे. त्यांची उजरत किती, तेही विचारून घेतले आहे.